हुकूमनामा हातात, पैसे कुठे?

दादरच्या टोरेस या दागिन्यांच्या दुकानाच्या योजनेचा दर होता आठवड्याला 6 टक्के, सलग 52 आठवडे. म्हणजे 1 लाख गुंतवा आणि वर्षभरात 3 लाख 12 हजार व्याज उचला. वर मोइसनाइटचा खडा जडवलेले पेंडंट. आता दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 34 पाहा. व्यवहार व्यापारी नसेल तर हुकूमनाम्यानंतर मुद्दलावर न्यायालय जास्तीत जास्त 6 टक्केच व्याज देऊ शकते, तेही वर्षाला.

टोरेसचे हे दुकान फेब्रुवारी 2024 मध्ये उघडले. 6 जानेवारी 2025 रोजी त्याच्या बंद दारासमोर गर्दी उसळली आणि शिवाजी पार्क पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. फिर्याद दिली ती दादरच्याच एका भाजीविक्रेत्याने. पहिल्या फिर्यादीतली रक्कम 13 कोटी 48 लाख होती. आर्थिक गुन्हे शाखेच्या तपासात ठेवीदार 14 हजारांच्या वर गेले आणि रक्कम 142 कोटींच्या वर. भागाकार केला तर माणशी साधारण 1 लाख येतात.

फसवणूक 142 कोटींची असली तरी कोर्टाची पायरी चढायची की नाही, हे प्रत्येकाला आपापल्या 1 लाखाकडे बघून ठरवावे लागते. वकिलाची फी, कोर्ट फी आणि कामाचे खाडे धरले तर एकट्याने दावा लावणे परवडत नाही. त्यासाठीच महाराष्ट्राने 1999 मध्ये ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा केला. वकील आणि पोलीस त्याला ‘एमपीआयडी’ म्हणतात. कलम 4 खाली सरकार अधिसूचना काढून मालमत्ता जप्त करते. ठेवींच्या पैशातून घेतलेली मालमत्ता हाती लागली नाही, तर प्रवर्तक, संचालक, भागीदार यांच्या इतर मालमत्तेवरही हात टाकता येतो. मग सक्षम प्राधिकारी 30 दिवसांत विशेष न्यायालयाकडे जातो आणि जप्ती कायम झाली की विक्रीतून आलेले पैसे ठेवीदारांत वाटले जातात. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला होता. नंतर सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

कायदा चांगला आहे, वेग मात्र नाही. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज 31 जुलै 2013 ला कोलमडले, तेव्हा सुमारे 13 हजार गुंतवणूकदारांचे 5,574 कोटी अडकले होते. हा कायदा एक्स्चेंजला लागू होतो की नाही, एवढ्याच प्रश्नाचे अंतिम उत्तर सर्वोच्च न्यायालयातून यायला 22 एप्रिल 2022 उजाडले. जवळजवळ नऊ वर्षे!

बँकेत पैसे अडकलेल्यांचे तुलनेने बरे. प्रभादेवीच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर 13 फेब्रुवारी 2025 ला निर्बंध आले, 122 कोटींचा अपहार उघड झाला आणि 4 ऑगस्टला ती सारस्वत बँकेत विलीनही झाली. तिथे 5 लाखांपर्यंत ठेवविम्याचे कवच होते. पेंडंटला विमा नसतो.

ओळखीच्या माणसाला हातउसने दिलेल्या किंवा धंद्यात बुडालेल्या पैशांना तर एमपीआयडीही उपयोगी नाही. तिथे दिवाणी दावाच लावावा लागतो. मुंबईत 10 कोटींपर्यंतचे दावे आता शहर दिवाणी न्यायालयात चालतात. जानेवारी 2024 पर्यंत ही मर्यादा 1 कोटी होती. लेखी करार किंवा चेक हातात असेल तर ऑर्डर 37 चा समरी दावा लवकर निकाली निघू शकतो. खरी अडचण त्यानंतर, दरखास्तीच्या म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या टप्प्यावर येते. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावले. 2025 मध्ये आकडे मागवले तेव्हा देशात 8 लाख 82 हजार दरखास्ती पडून होत्या. त्यातल्या 3 लाख 41 हजार एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या, म्हणजे दर पाचांत जवळपास दोन. यात जागेचे आणि वाटणीचे वादही आले, पण पैशासाठी हेलपाटे घालणाऱ्यालाही याच रांगेत उभे राहावे लागते.

आणि पाळी आली तरी बेलीफ जप्त काय करणार? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ची यादी गिरगाव-लालबागच्या माणसाने जरूर वाचावी. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्माचारानुसार बाईच्या अंगावरून उतरवता न येणारा दागिना, म्हणजे मंगळसूत्र, जप्त होत नाही. भविष्य निर्वाह निधीलाही हात लावता येत नाही. शिवाय भाडे नियंत्रण कायद्याखालच्या राहत्या जागेतला भाडेकरूचा हक्क या यादीत आहे. म्हणजे चाळीतली पागडीची खोली, जिची किंमत ऋणको स्वतःच चहाच्या टपरीवर फुशारकीने सांगत असतो, ती तुमच्या वसुलीसाठी शून्य.

उरतो पगार. पहिले 1,000 रुपये आणि बाकीचे दोन तृतीयांश सोडून द्यावे लागतात. 31,000 पगार असेल तर महिना 10,000 हाती येतात. एका हुकूमनाम्यासाठी ही जप्ती एकूण 24 महिनेच चालते. म्हणजे 2 लाख 40 हजार, मग हुकूमनामा 5 लाखांचा असो की 15 लाखांचा.

म्हणून माझ्या मते वसुलीची लढाई दाव्याच्या पहिल्या महिन्यात जिंकली किंवा हरली जाते. प्रतिवादी मालमत्ता विकून किंवा हलवून मोकळा होतोय, हे कागदांनिशी दाखवता आले तर ऑर्डर 38 नियम 5 खाली निकालाआधीच जप्ती मिळते. नुसता संशय चालत नाही. असुरक्षित कर्ज तारणी करून घेण्यासाठी ही तरतूद नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच स्पष्ट केले आहे. फ्लॅट बायकोच्या नावावर फिरवला असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 53 कामी येते. हुकूमनाम्यानंतर 30 दिवस पैसे आले नाहीत तर ऑर्डर 21 नियम 41 खाली ऋणकोकडून मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र मागा. आदेश धुडकावला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

पैसे देतानाच समोरच्याच्या नावावर काय आहे याचा कागद मागून घ्या. आणि पैसे बुडाले तर आशेवर बसू नका: वसुलीच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची, हुकूमनाम्याच्या दरखास्तीला बारा.