घराचा दाखला आणि माळ्याचे झाकण



गेल्या वर्षी आम्ही उभयता लेकीकडे इंग्लंडमध्ये, लेस्टरला तीन महिने राहून आलो. तिकडच्या गमतीजमती कोजागरीच्या कार्यक्रमात सांगून झाल्या आहेत. आज लिहितो ते एका कागदाविषयी. उभी हयात बँकेत कागद तपासण्यात गेली, म्हणून असेल, पण तो कागद डोक्यातून जात नाही.

लेक-जावई राहते घर विकून थोडे मोठे घर घेण्याच्या बेतात होते. घर जुने, विटांचे, शंभर वर्षांपूर्वीचे. दलालाने पहिल्या भेटीतच विचारले, "ऊर्जा दाखल्याची मुदत शिल्लक आहे का?" मुदत नेमकी त्याच महिन्यात संपत होती.

हा दाखला काय असतो? आपल्याकडे फ्रिजवर आणि एसीवर चांदण्या असतात, तशी तिकडे अख्ख्या घराला अक्षरे देतात. ए सर्वात चांगले, जी सर्वात वाईट. इंग्लंड आणि वेल्समध्ये घर विकताना २००७ पासून आणि भाड्याने देताना २००८ पासून तो लागतो. मुदत १० वर्षे. ईपेक्षा खालचे घर, काही सवलती सोडल्या तर, २०२० पासून भाड्याने देताच येत नाही. सगळे दाखले सरकारी संकेतस्थळावर उघड असतात. तिथला पिनकोड घातला की कोणाच्याही घराचा दाखला फुकट वाचायला मिळतो. खोटे कशाला सांगू, मी शेजाऱ्यांचेही वाचले.

लेकीच्या घराच्या जुन्या दाखल्यावर ई होता. मी ओळ न् ओळ वाचत गेलो. छपराच्या ओळीत लिहिले होते की उष्णता अडवणारा थर थोडाच आहे, आणि पुढे कंसात एक शब्द होता. त्याचा अर्थ, "गृहीत धरलेले".

मी जावईबापूंना म्हटले, "अहो, माळ्यावर तर जाड थर आहे, तुम्हीच दाखवला होता." ते म्हणाले, "आहे ना. पण तेव्हाच्या घरमालकाने दाखवला नसेल."

कारण सापडले. माळ्यावर जायचे झाकण एका कपाटाच्या आत आहे आणि ते कपाट सामानाने गच्च भरलेले असते. नियम असा की तपासणीस जे डोळ्यांनी पाहील किंवा ज्याचा कागद मिळेल, तेवढेच लिहील. बाकीच्या ठिकाणी घराच्या वयावरून ठरलेली किंमत संगणक स्वतः धरतो, आणि ती सहसा मालकाच्या फायद्याची नसते. यात मला काही वावगे वाटले नाही. बँकेत मालावर कर्ज दिले की आम्ही गोदाम पाहायला जात असू. गोदामाला कुलूप असेल, तर "आत माल असावा" असे लिहून कोणी सही करत नसे.

नवा तपासणीस यायच्या आदल्या रात्री आम्ही कपाट रिकामे केले. आमच्याच दोन बॅगा आणि इथून नेलेला पापड-कुरडयांचा डबा त्यात होता. सकाळी तो गृहस्थ आला, खोल्या मोजल्या, बॉयलर आणि मीटरचे फोटो घेतले, शिडी लावून माळ्यावर चढला आणि पट्टीने थराची जाडी मोजली. खिडक्या बदलल्याची पावती लेकीने पुढे केली. सगळे मिळून तासाभराचे काम. त्याने घरी जाऊन माहिती भरली आणि दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर दाखला आला. अक्षर डी.

मधल्या काळात घराची एक वीटही हलली नव्हती.  फरक पडला तो शिडीवर चढलेल्या माणसामुळे.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. त्या पोर्टलवर दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. विभागाने नळ दिल्याची नोंद केली ती एक, आणि ग्रामसभेने पाणी खरोखर येते असा ठराव केला ती दुसरी. जिल्ह्यातल्या २५४ गावांनी ठराव केले तेव्हा ते प्रमाणपत्र मिळाले.

घरांच्या बाबतीत आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. केंद्राच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने, म्हणजे फ्रिजवर चांदण्या देणाऱ्या संस्थेने, २०१८ मध्ये राहत्या घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. पुढे घरांनाही चांदण्या देण्याची योजना आली, पण ती ऐच्छिक आहे. संहितेतली छताची अट सोपी करून सांगतो. बाहेर आणि आत १ अंशाचा फरक असेल, तर छताच्या दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. समजा ९० चौरस मीटरची गच्ची आहे आणि उन्हामुळे फरक २० अंशांचा आहे. मर्यादा पाळली तरी २१६० वॅट, म्हणजे दोन हीटर डोक्यावर चालू. नुसता उघडा स्लॅब असेल, तर असे पाच-सहा हीटर.

मे महिन्यात शाहपुरात वरच्या मजल्यावर रात्री का झोपवत नाही, ते यात आले. पुतण्याने मोठ्या हौसेने वर खोली बांधली. आमच्या वहिनी उन्हाळाभर खालच्या ओसरीवर झोपतात. मी नोकरीत कितीतरी गृहकर्जे मंजूर केली. रजिस्ट्री पाहिली, नकाशा पाहिला, मूल्यांकन पाहिले. या घरात वैशाखात माणूस झोपू शकेल का, हे एकदाही विचारले नाही. ते विचारण्याचा रकानाच अर्जात नव्हता.

म्हणून सभासदांना विनंती. मुले इंदूरला, पुण्याला फ्लॅट घेतात, तेव्हा हिरव्या इमारतीचा किंवा चांदण्यांचा दाखला दाखवला तर तीन गोष्टी विचारा. दाखला नकाशावरून दिला की बांधून झाल्यावर? इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल आराखड्यावरूनही पूर्व-प्रमाणपत्र देते, ते अंतिम नव्हे. जागेवर येऊन कोणी पाहिले? आणि त्यात गृहीत धरलेले काय काय आहे?

गावात घर बांधत असाल तर दाखला कोणी मागणार नाही. तरीही स्लॅबवर काय थर घातला त्याचे झाकण्यापूर्वी फोटो काढा, पावत्या फाईलला लावा. उद्या आपल्याकडे तपासणीस आला, तर त्याला दाखवायला काही तरी हवे.

यंदा पुतण्या वरच्या गच्चीवर थर घालून पांढरा लेप देणार आहे. पुढच्या वैशाखात वहिनी कुठे झोपतात, ते अवश्य कळवीन. आमच्या घराचा दाखला त्याच देतील.