धडधडत्या छातीने धरलेला नेम

फेब्रुवारी २०१८. दक्षिण कोरियातल्या प्यॉंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या हान्ना ओबर्गने बायॅथलॉनची १५ किलोमीटरची शर्यत जिंकली. स्कीइंग करता करता चार वेळा थांबून तिने २० गोळ्या झाडल्या आणि एकही नेम चुकू दिला नाही. दुसऱ्या आलेल्या अनास्तासिया कुझमिनाचे दोन नेम हुकले. या शर्यतीत प्रत्येक हुकलेल्या नेमाला एका मिनिटाचा दंड असतो, तरी अंतर राहिलं फक्त २४.७ सेकंदांचं. बर्फावर कुझमिनाच वेगवान होती. सुवर्णपदक रायफलीने ठरवलं.

लक्ष्य ५० मीटरवर असतं. पडून मारताना ४५ मिलिमीटरचं, उभ्याने ११५ मिलिमीटरचं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं तेही याच अंतरावरून. त्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ याहून खूप लहान असतं, पण नेमबाज शांत श्वासाने नेम धरतो. बायॅथलॉनपटू पोचतो तो धापा टाकत.

नाडी मिनिटाला १७० असेल, तर दोन ठोक्यांमध्ये सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. ठोके चुकवून चाप ओढणं अशक्यच! पडून मारताना कोपरं जमिनीवर टेकतात आणि दंडाला अडकवलेला पट्टा रायफलीचा भार पेलतो. उभ्याने मात्र थकलेल्या मांड्यांवर सगळं शरीर डुलतं. अमेरिकी खेळाडूंवरच्या १९९२ च्या अभ्यासातही हेच दिसलं: दमछाकीचा पडून मारण्यावर फारसा परिणाम नाही, उभ्याने मारण्यावर ठळक परिणाम.

म्हणून सराव थकव्यासकटच होतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर रोलर स्कीवर फेऱ्या मारायच्या आणि थेट नेमबाजीच्या जागी यायचं. वेग आधी बेताचा, मग शर्यतीइतका. घरी गोळीविना सराव रोजचा: रायफल खांद्याला लावणं, गाल टेकवणं, चाप हळूहळू दाबणं. श्वास सोडून झाल्यावरच्या क्षणिक विरामात गोळी सुटते, मग पुन्हा श्वास. तो फार वेळ रोखला तर प्राणवायूला आसुसलेलं शरीर थरथरतं, नजर धूसर होते. रायफल पूर्ण स्थिर होण्याची वाट पाहण्यातही धोकाच, कारण तेवढ्यात पाय आणखी थकतात.

कसलेले खेळाडू पाच गोळ्या साधारण अर्ध्या मिनिटात उरकतात. छोट्या स्प्रिंट शर्यतीत एक नेम हुकला की १५० मीटरची जादा फेरी पडते आणि तिला वीसहून जास्त सेकंद लागतात. एखाद्या गोळीसाठी दोन सेकंद थांबणं त्यामुळे परवडतं. ते नेमकं कधी थांबायचं, याचा अंदाज बांधण्यासाठी प्रशिक्षक सरावात वेळ आणि पडलेली लक्ष्यं दोन्ही मोजतात.