मोटारीच्या टपावरचे दिवे

मोटारीच्या बारा व्होल्टांच्या बॅटरीचीं दोन्हीं टोकें कोरड्या हातांनीं धरलीं तर कांहींच जाणवत नाहीं. एवढ्यावरून माझ्या पुतण्यानें ठरवून टाकलें होतें, कीं मोटारींतील वीज निरुपद्रवी. त्यानें जीपच्या टपावरील कॅरिअरला ५५ वॅटांचे चार हॅलोजन दिवे बसविले, आणि घरांतील दिवेपंखे जोडणाऱ्या कारागिराकडून घरांतलीच, एक चौरस मिलिमीटर जाडीची, तार ओढून घेतली. आंबा घाट चढतांना तारेचें वेष्टण जळल्याचा वास आला. बॅटरीची जोडणी सोडण्याची बुद्धि वेळेवर सुचली म्हणून गाडी वांचली.

तो कारागीर अडाणी नव्हता. त्याचा हिशेब घरचा होता. वॅटांना व्होल्टांनीं भागलें म्हणजे अँपिअर निघतात. चार दिव्यांचे मिळून वॅट २२०. घरांत दाब २३० व्होल्ट, म्हणून प्रवाह एक अँपिअरसुद्धां नाहीं. मोटारींत दाब १२, म्हणून प्रवाह १८ अँपिअरांच्या वर! आणि तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें जूल या शास्त्रज्ञानें १८४१ मध्येंच सांगून ठेवलें आहे. प्रवाह एकोणीसपट, तर त्याच तारेंत उष्णता साडेतीनशेंपट. बारीक तारेच्या रोधामुळें प्रवाह थोडा घटतो हें खरें. पण मग जातां-येतां दहा मीटर तार अडीच-तीन व्होल्ट वाटेंतच गिळते, आणि उजेड निम्म्यावर येतो. “दिवे मंद कां?” असें पुतण्या आधींपासून म्हणत होताच. हरवलेला उजेड तारेंत ऊब होऊन बसला होता.

तेव्हां तार चार चौरस मिलिमीटरची घ्यावी. तींत घट एका व्होल्टाच्या आंत राहते. दुसरी गोष्ट फ्यूजची. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं असतो. म्हणून तो दिव्याजवळ नव्हे, तर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आंत पाहिजे. या दिव्यांना २५ अँपिअरांचा. फ्यूजच्या अलीकडची तार कोठें पत्र्याला घासली, तर शेंकडों अँपिअर देणाऱ्या बॅटरीला अडविणारें कोणी नाहीं.

एवढा प्रवाह चालकापुढील लहानशा बटणांतूनही नेऊं नये. त्यासाठीं रिले. दूरच्या टप्प्यावर ताजे घोडे जोडावे, तशी ही तारायंत्राच्या काळांतील युक्ति. बटणाचा सुमारें पंचमांश अँपिअर रिलेच्या वेटोळ्यांतून जातो. त्यानें झालेलें चुंबक आंतली पट्टी ओढतें आणि जाड तारेची वाट मोकळी होते. रिलेवर आंकडे छापलेले असतात: ८५ व ८६ वेटोळ्याचे, ३० बॅटरीकडचा, ८७ दिव्यांकडचा. बटणाला वीज पुढील दिव्यांच्या वरच्या झोताच्या तारेवरून द्यावी. म्हणजे समोरून गाडी आली असतां झोत खालीं घेतांच टपावरचे दिवेही विझतात.

परतीची तार पुष्कळजण कॅरिअरलाच बांधून मोकळे होतात. कॅरिअरला रंग, खालीं रबर. वीज परतणार कोठून? काळी तार गाडीच्या सांगाड्यापर्यंत स्वतंत्र न्यावी, आणि तेथें रंग खरवडून घट्ट आवळावी. टपाला भोंक न पाडणें उत्तम. कोंकणचा पाऊस ज्यानें पाहिला आहे, त्याला याचें कारण सांगावयास नको. जोडाच्या अलीकडे तार थोडी खालीं लोंबती ठेवावी, म्हणजे पाणी जोडांत न शिरतां तेथूनच ठिबकतें.

इतकें करूनही घाटांतील धुक्यांत हे दिवे निरुपयोगीच. उंचावरचा झोत धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांत येतो. तेथें बंपरखालचे बुटके दिवेच कामास येतात. सार्वजनिक रस्त्यावर तर टपावरच्या दिव्यांवर झांकणें घालावीं. समोरच्याला क्षणभर आंधळें करण्याचा आपणांस अधिकार नाहीं. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरफारांविषयीं आहे. तें आधीं वाचावें.

आतांचे एल. ई. डी. दिवे पुष्कळ कमी वॅट घेतात. हिशेब मात्र असाच करावयाचा.

पुढें एका रविवारीं पुतण्यानें आणि मीं सारी जोडणी नव्यानें केली. इंजिन चालू ठेवून अर्धा तास दिवे पेटते ठेविले, आणि मीं तारेवरून शेवटपर्यंत हात फिरविला. तार गार होती. फ्यूजची डबी तेवढी किंचित् कोमट लागली.