गायन व गिटार यांसाठीचे एकत्रित इफेक्ट्स युनिट : रंगमंचीय उपयोगाचे विवेचन

प्रस्तावना :

गिटार वाजवीत एकट्याने गाण्याची परंपरा पाश्चात्य लोकसंगीतात जुनी आहे. अशा कलावंतास साथीचा दुसरा आवाज मिळत नाही, ही त्याची मुख्य मर्यादा होय. ध्वनिमुद्रणगृहात ही उणीव दूर करण्याची साधने हळूहळू उपलब्ध होत गेली. १९७५ च्या सुमारास अमेरिकेतील इव्हेंटाइड कंपनीचे एच ९१० हार्मोनायझर हे स्वराची उंची बदलणारे डिजिटल उपकरण बाजारात आले, तर १९९७ मध्ये अँटारेस कंपनीची ऑटो-ट्यून ही स्वरदुरुस्तीची प्रणाली आली. पुढे हीच क्षमता पायाने चालविण्याच्या पेडलमध्ये सामावली गेली. टीसी-हेलिकॉन कंपनीच्या २०१४ मधील व्हॉइसलाइव्ह ३ या युनिटमध्ये गायनाचे इफेक्ट्स, गिटारचे इफेक्ट्स आणि लूपर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

स्नेहसंमेलन वा युवक महोत्सवाच्या तयारीत एखादा विद्यार्थी असे युनिट घेऊन येतो, तेव्हा सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांपुढे एक प्रश्न उभा राहतो. हे यंत्र विद्यार्थ्याचे गाणे घडविते की त्याची उणीव झाकते? प्रस्तुत लेखात युनिटच्या कार्यपद्धतीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

युनिटची कार्यपद्धती :

युनिटमध्ये माईक व गिटार यांचे संकेत स्वतंत्र मार्गांनी येतात. गायनाच्या मार्गावर सामान्यतः प्रथम आवाजाचा पोत सुधारणारे इक्वलायझर आणि लहान-मोठ्या आवाजांतील अंतर कमी करणारा कॉम्प्रेसर असतो. त्यानंतर स्वरदुरुस्ती व हार्मनी आणि शेवटी प्रतिध्वनी देणारा डिले व सभागृहाचा घुमार निर्माण करणारा रिव्हर्ब येतो. गिटारच्या मार्गावरही त्या वाद्याला अनुरूप अशी साखळी असते.

हे दोन मार्ग हार्मनीच्या टप्प्यावर एकमेकांशी जोडले जातात. युनिट गिटारवरील कॉर्ड ओळखते, गायकाचा स्वर ओळखते आणि त्या दोहोंवरून साथीचा स्वर ठरविते. उदाहरणार्थ, सी मेजर या कॉर्डवर गायक ई हा स्वर गात असेल, तर त्याच्या वरचा कॉर्डमधील स्वर जी हा होय. तोच ई पुढे ए मायनरवर गायला गेला, तर जी हा त्या कॉर्डचा घटक राहत नाही. वरचा जवळचा घटकस्वर ए ठरतो. म्हणजे गायकाचा स्वर तोच राहूनही साथीचा स्वर बदलतो, आणि हा बदल गिटार वाजविणाऱ्याच्या डाव्या हातावर अवलंबून असतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. यंत्र स्वतः संगीतरचना करीत नाही. मिळालेल्या संकेतांचा ते केवळ विस्तार करते. गिटार सुरात नसेल, कॉर्ड अस्पष्ट असेल किंवा गायक स्वरावर स्थिर नसेल, तर यंत्राचा अंदाज चुकतो. अशा वेळी एकाच्या जागी दोन-तीन आवाज एकदम बेसूर होतात.

रंगमंचावरील पूर्वतयारी :

पहिली बाब संकेताच्या पातळीची. कार्यक्रमात जितक्या जोराने गायचे आहे तितक्याच जोराने गाऊन माईकची पातळी निश्चित करावी. माईकपासूनचे अंतर दुप्पट झाले, तर खुल्या जागेत आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. गायक मागेपुढे होत राहिल्यास माईकमध्ये त्याच्या आवाजापेक्षा तबला, ड्रम वा गिटारच अधिक शिरते आणि यंत्र त्या आवाजातून स्वर शोधू लागते.

दुसरी बाब गिटारची. ती प्रमाणित ए म्हणजे ४४० हर्ट्झला जुळविलेली असावी. ज्या ओळींवर हार्मनी हवी, तेथे पूर्ण कॉर्ड स्पष्टपणे वाजवावी. केवळ एकेका तारेवरील सुरावट चालू असेल, तर यंत्राला पुरेशी माहिती मिळत नाही. अशा जागी हार्मनी पेडलने बंद करणे श्रेयस्कर.

तिसरी बाब शिट्टीची, म्हणजेच फीडबॅकची. कॉम्प्रेसरचा वापर वाढविला की एकूण पातळी भरून काढताना हळू आवाजही वर उचलले जातात आणि मॉनिटरचा आवाज पुन्हा माईकमध्ये येऊन शिट्टी लवकर वाजते. घरी हेडफोनवर उत्तम वाटणारी मांडणी सभागृहात याच कारणाने अपयशी ठरते. त्यासाठी कॉम्प्रेसर माफक ठेवावा आणि कार्डिऑइड माईक असल्यास मॉनिटर माईकच्या नेमका पाठीमागे असावा.

चौथी बाब रिव्हर्बची. सभागृहास स्वतःचा घुमार असतोच. त्यात यंत्राचा घुमार मिसळला की शब्द अस्पष्ट होतात. रिकाम्या सभागृहापेक्षा भरलेल्या सभागृहात श्रोत्यांमुळे ध्वनी अधिक शोषला जातो, हे लक्षात घेऊन तालमीच्या वेळी रिव्हर्ब कमीच ठेवावा. डिलेची वेळ मात्र लयीशी जुळवावी. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते. डिले या मानाने ठेवल्यास प्रतिध्वनी तालात पडतो.

पाचवी बाब जोडणीची. सोय असल्यास गायन व गिटार मिक्सरकडे स्वतंत्र तारांनी पाठवावे. दोन्ही एकाच तारेने दिल्यास ध्वनिसंयोजकाला त्यांचे परस्पर प्रमाण बदलता येत नाही. तसेच आवाज आणि गिटार एकाच युनिटमधून जात असल्याने त्याचा वीजपुरवठा खंडित झाला, तर दोन्ही एकदम बंद पडतात. माईक थेट मिक्सरला जोडता येईल अशी एक जादा तार मंचावर ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

रागाधारित गीते आणि हार्मनी :

मराठी भावगीत वा रागाधारित रचना या युनिटवर सादर करताना वेगळी अडचण येते. भूप रागात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर लागतात; म व नि वर्ज्य आहेत. मेजर स्केलनुसार वरच्या तिसऱ्या स्वराची हार्मनी निवडली, तर सा, ग आणि ध यांना अनुक्रमे ग, प आणि सा अशी साथ मिळते. परंतु रे वर म येतो आणि प वर नि येतो. पाचांपैकी दोन स्वरांवर यंत्र रागाबाहेर जाते, आणि यंत्राच्या दृष्टीने त्यात काहीही चूक नसते.

स्वरदुरुस्तीबाबतही असेच घडते. समस्वरित सप्तकात सा ते ग हे अंतर ४०० सेंट असते, तर तंबोऱ्याच्या नादातून उमटणारा शुद्ध गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. स्वरदुरुस्ती पूर्ण चालू ठेवल्यास गायकाने अचूक लावलेला गंधारही यंत्र वर ओढते आणि मींडेच्या सलग प्रवासाच्या पायऱ्या होतात. अशा रचनांमध्ये स्वरदुरुस्ती बंद ठेवून हार्मनीऐवजी केवळ माफक रिव्हर्ब वापरणे, किंवा साथीसाठी सा व प या स्थिर स्वरांचा आधार घेणे उचित ठरते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की एकत्रित इफेक्ट्स युनिट हे कलावंताच्या श्रमाचा पर्याय नसून त्या श्रमाचे विस्तारक आहे. चांगल्या सादरीकरणास ते समृद्ध करते, तर कच्च्या सादरीकरणाचा कच्चेपणा अधिक ठळक करते. त्यामुळे विद्यार्थ्यास त्यापासून सरसकट परावृत्त करणे योग्य नाही आणि यंत्र आणले म्हणून तालीम पूर्ण झाली असे मानणेही योग्य नाही. मार्गदर्शक प्राध्यापकांनी एक साधी कसोटी लावावी. युनिट बायपास करून विद्यार्थ्याने संपूर्ण गीत एकदा म्हणावे. ते गीत तसेही ऐकण्याजोगे असेल, तर यंत्राचा उपयोग अवश्य करू द्यावा. ते तसे नसेल, तर त्या विद्यार्थ्यास यंत्राच्या आधी रियाजाची गरज आहे, हे त्याला आपुलकीने सांगणे हेच शिक्षकाचे कर्तव्य होय.