प्रवाहातली चूक कुठे अडवायची?

मागच्या भागात आपण ‘ऑब्झर्व्हेबल’ म्हणजे वेळेनुसार येत राहणाऱ्या मूल्यांचा प्रवाह, इथपर्यंत आलो होतो. आज प्रश्न असा की, प्रवाहात मध्येच चूक झाली तर पुढे काय होतं?

आरएक्सजेएस घ्या किंवा आरएक्सजावा, करार एकच आहे. ‘नेक्स्ट’ कितीही वेळा येईल. शेवट ‘एरर’ किंवा ‘कम्प्लीट’ यांपैकी एकाने, तोही एकदाच. एरर आली की तो प्रवाह संपला. सबस्क्राइबभोवती नेहमीचं ट्राय-कॅच लावून भागत नाही, कारण चूक येते तेव्हा ती ओळ बहुतेक वेळा केव्हाच पूर्ण झालेली असते.

उदाहरण बीड जिल्ह्यातलंच घेऊ. समजा, माजलगाव आणि मांजरा या दोन धरणांचा उपयुक्त साठा दर १५ मिनिटांनी एका पडद्यावर दाखवायचाय. दोन्ही प्रवाह ‘मर्ज’ केले. नेटवर्क गेलं आणि मांजऱ्याची एक विनंती फसली. ती एरर मर्जमधून खाली येते आणि माजलगावचे आकडेही थांबतात! पडद्यावर मात्र जुनाच आकडा दिसत राहतो. बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

मग आपण ‘कॅचएरर’ लावतो. पण कुठे? मर्जच्या खाली लावला तर पर्यायी मूल्य एकदा मिळतं आणि प्रवाह संपतो. म्हणून तो टायमरच्या प्रवाहावर न लावता ‘स्विचमॅप’च्या आत, प्रत्येक विनंतीवर लावायचा. मग एकच नोंद चुकते, टायमर चालू राहतो आणि पुढच्या पंधरा मिनिटांनी नवी विनंती जाते.

‘रीट्राय’ म्हणजे पुन्हा सबस्क्राइब करणं. मर्यादा आणि थांबा न घालता ते वापरलं, तर आधीच दमलेल्या सर्व्हरवर आपणच मारा करतो. तीन-चार प्रयत्न, दर वेळी वाढतं अंतर, एवढं पुष्कळ झालं. चुकीच्या पासवर्डसारख्या चुकीला रीट्राय करून उपयोगच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एरर आली की शून्य परत करा, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. मांजऱ्याच्या बाबतीत शून्य हा खरा आकडा आहे. २०१६च्या दुष्काळात हे धरण आटलं होतं; त्यावर अवलंबून असलेल्या लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ‘पाणी नाही’ आणि ‘माहिती नाही’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत. एकीवरून टँकर निघतात, दुसरीवरून तंत्रज्ञ. म्हणून शून्याऐवजी ‘नोंद मिळाली नाही’ असं स्पष्ट मूल्य पाठवावं, सोबत शेवटच्या खऱ्या नोंदीची वेळ द्यावी, आणि मूळ चूक लॉगमध्ये ठेवावी.

थोडक्यात, चूक गिळायची नाही. तिला प्रवाहातलंच एक मूल्य करून माणसापर्यंत पोचवायची.