वयस्क घोड्याचे डोंगरवाटेवरील पुनर्प्रशिक्षण

रिंगणात, घोडेस्वारीच्या मैदानावर किंवा शर्यतीच्या धावपट्टीवर अनेक वर्षे काम केलेल्या घोड्याला मोकळ्या, चढउताराच्या वाटेवरील रपेटीसाठी टप्प्याटप्प्याने तयार करण्याच्या प्रक्रियेस वयस्क घोड्याचे पुनर्प्रशिक्षण म्हणतात. साधारणतः १५ वर्षांपुढील घोडा वयस्क मानला जातो. चांगली निगा राखल्यास घोडा २५ ते ३० वर्षे जगू शकतो. त्यामुळे मैदानावरील काम थांबल्यानंतरही त्याच्या आयुष्याचा मोठा काळ उरतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स आणि पुण्याचे रेसकोर्स ही शर्यतींची प्रमुख केंद्रे आहेत. माथेरान, महाबळेश्वर व पाचगणी या गिरिस्थानी पर्यटकांना घोड्यावरून फिरवण्याचा व्यवसाय चालतो. माथेरानमध्ये खाजगी मोटारींना बंदी असल्याने तेथे घोड्याचे महत्त्व विशेष आहे. डोंगरावरील काम मैदानापेक्षा हलके असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. वेग व उड्या कमी होतात, मात्र सांधे, खूर आणि नजर यांवर वेगळ्या प्रकारचा ताण येतो.

रिंगण व डोंगरवाट

रिंगणाची जमीन सपाट, मऊ व परिचित असते. तेथे घोडा मान आवळून, स्वाराच्या इशाऱ्यानुसार पाऊल टाकतो. डोंगरवाटेवर मात्र पाऊल कोठे टाकायचे हे बहुतांशी घोड्यालाच ठरवावे लागते. जवळची जमीन नीट दिसण्यासाठी त्याला डोके खाली न्यावे लागते. म्हणून लगाम सैल ठेवणे आवश्यक ठरते. उन्हातून दाट सावलीत शिरताना घोड्याची नजर माणसापेक्षा सावकाश जुळवून घेते. अशा ठिकाणी तो थांबल्यास त्यास हट्ट समजू नये.

उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. उतारावर हा भार वाढतो. त्यामुळे सांधेदुखी असलेल्या घोड्याला चढापेक्षा उतार अधिक त्रासदायक होतो.

कोल्हापूर परिसरात हा फरक स्पष्ट दिसतो. शिवाजी पेठेलगतच्या रंकाळा तलावाकाठची वाट सपाट आहे. शहरापासून सुमारे २० किमीवरील पन्हाळ्यावर जांभा दगडाचा खडबडीत पृष्ठभाग व तीव्र उतार आहेत. पावसाळ्यात ओलाव्याने खूर मऊ पडतात आणि असा दगड त्यांना लवकर झिजवतो.

पूर्वतपासणी

प्रशिक्षणापूर्वी पशुवैद्यकाकडून सांधे, स्नायुबंध, हृदय, डोळे व दात यांची तपासणी करून घेतात. दात झिजलेला घोडा चारा नीट चावू शकत नाही. त्याला भिजवलेली चंदी द्यावी लागते. नालबंदाकडून खुरांची स्थिती पाहून नाल बदलतात. वयपरत्वे पाठीचे स्नायू कमी होऊन पाठीचा आकार बदलतो, म्हणून जुने खोगीर पुन्हा बसवून पाहणे गरजेचे असते.

स्वार व खोगीर यांचे एकत्रित वजन घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. ४०० किलोच्या घोड्यासाठी ही मर्यादा ८० किलो होते. वयस्क घोड्यासाठी ती आणखी कमी ठेवतात.

प्रशिक्षणाचे टप्पे

आरंभी घोड्याला स्वाराविना, हाती धरून नव्या वाटेवर नेतात. घोडा कळपात राहणारा प्राणी असल्याने सोबत एखादा शांत, अनुभवी घोडा असल्यास तो कमी बुजतो. पहिले काही आठवडे सपाट वाटेवर २० ते ३० मिनिटांची कदमचाल पुरेशी असते. त्यानंतर सौम्य चढ, उथळ ओढे व वाहनांचे आवाज यांची ओळख करून देतात. तीव्र उतार सर्वांत शेवटी येतो.

हृदय व स्नायू काही आठवड्यांत नव्या श्रमांना सरावतात. हाडे व स्नायुबंध यांना मात्र अनेक महिने लागतात. त्यामुळे घोडा दमलेला दिसत नाही, एवढ्यावरून अंतर वाढवणे धोक्याचे असते. विश्रांतीच्या वेळी घोड्याची नाडी मिनिटाला सुमारे २८ ते ४४ असते. रपेटीनंतर ती बराच वेळ खाली न आल्यास श्रम जास्त झाले असे समजतात.

काम थांबवण्याची वेळ

उतारावर वारंवार ठेचकाळणे, दुसऱ्या दिवशी पाय आखडणे, तंग आवळताना चावा घेणे आणि चारा कमी खाणे ही वेदनेची लक्षणे असू शकतात. ती आढळल्यास काम थांबवून पशुवैद्यकाचा सल्ला घेतात.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करण्याबाबतचा अधिनियम, १९६० याच्या कलम ११ नुसार वय, रोग, दुर्बलता किंवा जखम यांमुळे अक्षम असलेल्या प्राण्यास कामाला लावणे हा गुन्हा आहे. त्यामुळे सक्षमतेची तपासणी केवळ आरंभी करून भागत नाही. घोडा कामावर आहे तोवर ती नियमितपणे करावी लागते.