आईची चाल मंदावली आहे का?

माझी थोरली बहीण पंचवटीत राहते. आम्ही तिला आक्का म्हणतो. रोज सकाळी रामकुंडापर्यंत पायी जाऊन यायचे, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. एका भाऊबीजेला ती म्हणाली, "अरे, हल्ली मला दुप्पट वेळ लागतो. बरोबरच्या बायका पुढे निघून जातात." मी डॉक्टर असूनही हसून म्हणालो, "आक्का, वय झालं. सावकाश चालायचं." पुढच्या चैत्रात ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, आता ती काठी घेऊन घरात फिरते. रामकुंड मात्र सुटले. माझ्या त्या उत्तराची खंत मला आजही आहे.

मासिक पाळी थांबल्यावर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात. यात दुखत काहीच नाही, त्यामुळे हाड मोडेपर्यंत कळत नाही. चाल मंदावणे म्हणजे बहुधा मांड्यांची ताकद आणि तोल कमी होणे. ठिसूळ हाड आणि डळमळीत पाय एकत्र आले, की साधे पडणेही महागात जाते.

हाड जिवंत असते. त्यावर भार पडला, स्नायूंनी ते ओढले, तरच ते टिकते. अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक परिचारिकांची १२ वर्षे पाहणी झाली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, आठवड्याला किमान चार तास चालणाऱ्यांत खुबा मोडण्याचा धोका एक तासाहून कमी चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी होता.

घरीच एक परीक्षा करा. चार मीटर, म्हणजे सुमारे १३ फूट अंतर खडूने आखा. दोन पावले मागून आईला नेहमीच्या चालीने चालू द्या आणि घड्याळ पाहा. चार सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर चाल मंद समजावी आणि डॉक्टरांना दाखवावे. गरज वाटल्यास ते हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी सांगतील.

चालायचे कसे? बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने. साधारण मिनिटाला १०० पावले. सुरुवातीला तीन मिनिटे नेहमीची चाल, एक मिनिट भरभर, असे दहा मिनिटे करा. हळूहळू वाढवत रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चाला. कृषिनगरचा जॉगिंग ट्रॅक असो की आपली गल्ली, जागा सपाट हवी. घाटाच्या ओल्या पायऱ्या टाळा. मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला. नुसत्या चालण्याने भागत नाही. भक्कम खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा, म्हणजे मांड्या बळकट होतील. आहारात दूध, नाचणी, तीळ असू द्या. ड जीवनसत्त्वाची इंजेक्शने मात्र मनाने घेऊ नका.

छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर येणे असा त्रास असेल किंवा पूर्वी हाड मोडले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. न्हाणीघरात आजच एक दांडी बसवून घ्या. आणि घरातील वडीलधारी बाई "मी मागे पडते" म्हणाली, तर माझ्यासारखे हसण्यावारी नेऊ नका.